बेतणें

मराठींतील कांहीं क्रियापदें इतकीं घरगुती आहेत कीं, त्यांच्या पोटांत केवढें शास्त्र दडलें आहे याची आपल्याला दादही नसते. 'बेतणें' हें त्यांपैकींच एक. शिंपी कापड बेततो. आणि ज्याला आपण 'बेत' म्हणतों, मग तो जेवणाचा असो, प्रवासाचा असो कीं लग्नाचा असो, तोही या शब्दाचाच भाऊबंद. कापड थोडें, अंगें अनेक; पैसा थोडा, हौस दांडगी. जें आहे आणि जें हवें आहे, त्यांची सांगड कात्री चालविण्यापूर्वीं मनांत घालणें, याचें नांव बेतणें. कात्री चालल्यावर जें उरतें त्याला चिंध्या म्हणतात.

हल्लीं हें बेतण्याचें काम यंत्रेंही करूं लागलीं आहेत. माझ्या भाच्याचा भोसरीस पत्रे कापण्याचा लहानसा कारखाना आहे. तेथें कात्री नाहीं, करवत नाहीं. लेझरचा किरण पोलादावरून फिरतो आणि ठिणग्यांच्या कारंज्याखालीं पत्रा मुकाट्यानें दुभंगतो. या किरणाशीं महाराष्ट्राचें थोडें नातेंही आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत कार्बन डायऑक्साइड वायूचा लेझर ज्यांनीं सिद्ध केला, ते कुमार पटेल जन्मानें बारामतीचे आणि पुण्याच्या इंजिनियरिंग कॉलेजचे पदवीधर. आज पुष्कळ कारखान्यांत त्या लेझरची जागा कांचतंतूंच्या लेझरनें घेतली आहे. पण धातू कापण्याच्या कामीं हा किरण रुळला, तो प्रथम पटेलांच्या लेझरमुळेंच.

तथापि माझें मन गुंतलें तें किरणांत नव्हे, तर त्याच्या आधीं चालणाऱ्या मांडणींत. अडीच मीटर लांब व सव्वा मीटर रुंद असा एक पत्रा. त्यांतून कुणाचे कोन, कुणाच्या कड्या, कुणाच्या पट्ट्या काढावयाच्या. कोणता तुकडा कोठें ठेवावा हें संगणक ठरवितो. या विद्येला 'नेस्टिंग' असें नांव आहे. पडद्यावर तुकडे सरकतात, गिरक्या घेतात, एकमेकांच्या कुशींत शिरतात; मोठ्या कडीच्या पोकळींत एखादी चिमुकली चकती जाऊन बसते; आणि पत्र्याचा शेंकडा किती भाग कामीं लागला, तो आंकडा कोपऱ्यांत हळूहळू चढत जातो.

हें पोरखेळासारखें दिसतें, पण गणित्यांना यानें घाम फोडला आहे. नुसते दहा वेगवेगळे तुकडे एकामागून एक मांडावयाचे म्हटले, तरी त्यांचे क्रम ३६,२८,८०० होतात. प्रत्येक तुकडा चार दिशांना फिरवितां येतो असें धरलें, तर हाच आंकडा ३ लाख ८० हजार कोटींच्या वर जातो. यांतली सर्वोत्तम मांडणी हमखास आणि झटपट सांपडेल अशी युक्ति कोणालाही गवसलेली नाहीं. लेनिनग्राडमध्यें १९३९ सालीं लिओनीद कांतोरोविच यांनीं प्लायवुडच्या कारखान्याच्या अडचणीपासून सुरुवात करून जी गणितपद्धति मांडली, तींत माल कमी वायां जाईल अशा कापणीचाही विचार होता; पुढें १९७५ सालीं त्यांना अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें, तें साधनसामग्रीच्या अशाच इष्टतम वांटणीबद्दल. १९६१ सालीं गिल्मोर व गोमरी यांनीं या कोड्याच्या एका मोठ्या प्रकारावर चांगला तोडगा काढला. तरीही वेड्यावांकड्या आकारांच्या बाबतींत संगणक अखेर शिंप्यासारखाच वागतो: मांडून पाहतो, मोडतो, पुन्हां मांडतो, आणि वेळ संपली कीं त्यांतल्या त्यांत बरें तें पत्करतो.

या खटाटोपांत त्याचे कांहीं ठोकताळे असतात. पैकीं अगदीं साधा व फार वापरला जाणारा म्हणजे मोठे तुकडे आधीं मांडावे आणि लहानांना उरल्यासुरल्या जागेंत बसवावें. शहाणपणाचाच नियम आहे. प्रवासाची ट्रंक भरतांना आपणही आणखी काय करतों?

भाचा हें सारें समजावून देत होता त्या दिवशीं त्याची आई, म्हणजे माझी ताई, आमच्याबरोबर होती. ती बराच वेळ पडद्याकडे पाहत उभी होती. मग तिनें विचारलें, "लहान तुकडे आधीं मांडतांच येत नाहींत का रे?"

"येतात कीं, आई. हव्या त्या तुकड्याला अग्रक्रम देतां येतो. पण मग कधीं कधीं एक पत्रा जास्त लागतो."

"एकच ना?" ताई म्हणाली, आणि गप्प बसली.

त्या दोन शब्दांचा अर्थ भाच्याला कळला नसावा; मला कळला. आमच्या वडिलांचा पगार बेताचा. घरांत आम्हीं दोघे भाऊ आणि मधली ताई. दादाचें इंजिनियरिंग आणि माझें एम्. ए. हे मोठे तुकडे, पत्र्याच्या ऐन मध्यावर मांडलेले. गणितांत ताई आम्हां दोघांहून सरस. पुण्यास राहून गणितांत पदवी घ्यावी ही तिची इच्छा. पण उरलेल्या जागेंत तो आकार बसेना. तेव्हां तिला जरा फिरविण्यांत आलें. गांवांतलेंच अध्यापक विद्यालय, घरीं राहून, आजीचें दुखणें सांभाळून. वडील कठोर नव्हते. त्यांच्या हातीं एकच पत्रा होता आणि त्यांतला तसूभरही त्यांनीं वायां घालविला नाहीं. शेजारीपाजारीं त्यांच्या काटकसरीचें कौतुक होई, आणि तें यथार्थच होतें.

परंतु पत्रा कापणारे लोक आणखी एक गोष्ट जाणतात. पोलाद लाटून पत्रा तयार होतो, त्या लाटण्याची एक दिशा त्याच्या अंगांत मुरलेली असते. जो तुकडा पुढें वांकवावयाचा, तो या दिशेचा विचार न करितां फिरविला, तर वांकवितांना त्याला तडा जाण्याची भीति असते. म्हणून अशा तुकड्यांपुढें 'फिरवूं नये' अशी खूण करून ठेवतात. मग संगणक त्यांच्या वाटेस जात नाहीं. जागा वायां गेली तरी चालेल.

ताईला तडा गेला नाहीं. प्राथमिक शाळेंत तिनें चौतीस वर्षें गणित शिकविलें. अपूर्णांकांना न भिणारीं कितीतरी मुलें तिच्या हाताखालून गेलीं. पण वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर ती अजूनही बीजगणितांतलीं उदाहरणें सोडवीत बसते, हें मीं पाहिलें आहे. तो कागद मग रद्दींत जातो.

यंत्राला यांत दोष देण्याचें कारण नाहीं. मोठें कोणतें हें तें क्षेत्रफळावरून ठरवितें, आणि क्षेत्रफळ मोजतां येतें. घरांत मोठें कोण, हें आपण कशावरून ठरवितों? संगणकाला अग्रक्रम कोणीतरी सांगावा लागतो, त्यामुळें तो निदान उघड असतो. आमच्या घरीं तो कोणीच सांगितला नव्हता. सर्वांना तो आधींपासूनच ठाऊक होता.

यंदा भाच्याची मुलगी बारावी झाली. तिला वास्तुशास्त्र शिकावयाचें आहे. तिचा धाकटा भाऊ पुढल्या वर्षीं त्याच वळणावर येईल, आणि कारखान्याच्या नव्या यंत्राचे हप्तेही चालू आहेत. गेल्या रविवारीं घरांत हिशेबाचा कागद पुढें आला. बेत अजून पुरा झालेला नाहीं; आंकडे जुळावयाचे आहेत, आणि कदाचित् एक पत्रा जास्तही लागेल. पण कागद ताईनें आपल्याकडे ओढून घेतला, आणि त्यावरची पहिली ओळ नातीच्या नांवाची आहे.