उगमापाशी लगाम

मोटारीची बॅटरी ही रोज आठवण व्हावी अशी वस्तू नव्हे. सकाळी किल्ली फिरवावी, इंजिनाने आवाज द्यावा आणि माणसाने आपल्या वाटेला लागावे, एवढाच तिच्याशी बहुतेकांचा संबंध. ज्या दिवशी किल्ली फिरवूनही नुसती टकटक ऐकू येते, त्या दिवशी बॉनेट उघडले जाते. ती बॉनेटखालीच का असते, हा प्रश्न तेव्हाही कोणाच्या मनात येत नाही.

त्याचे उत्तर हिशेबी आहे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला चार्ल्स केटरिंग यांनी विकसित केलेला विजेचा स्टार्टर बसवण्यात आला आणि हँडल मारून इंजिन चालू करण्याचे कष्ट हळूहळू संपले. ते कष्ट बॅटरीने आपल्या शिरावर घेतले. छोट्या मोटारीचा स्टार्टरही क्षणभर दीडशे-दोनशे अँपियर प्रवाह ओढतो. घरातील दोन हजार वॅटचा गीझर जेमतेम नऊ अँपियर घेतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे मोल कळते. एवढा प्रवाह लांबून आणायचा तर जाड आणि महाग केबल हवी. म्हणून बॅटरी स्टार्टरच्या शेजारी ठेवलेली बरी.

तरीही सर्वांनी तसे केले नाही. १९५९ साली ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांची मिनी आली. जेमतेम दहा फूट लांबीची ही गाडी. तिच्या पुढील भागात इंजिन आडवे बसवलेले होते, आणि बॅटरी होती डिकीत. १९८९ साली आलेल्या माझदाच्या एमएक्स-५ मध्येही ती डिकीतच होती. बीएमडब्ल्यूच्या अनेक गाड्यांमध्ये आजही ती तेथेच आढळते. त्यामागील विचार तोलाचा. इंजिन पुढे असले की गाडीचे नाक जड होते. पुढील काही भार मागे नेला तर वळणावर गाडी अधिक समतोल राहते. शिवाय इंजिनाच्या उष्णतेपासून दूर गेल्याने बॅटरीची झीजही कमी होते.

सांगलीच्या हळद बाजारात आडतीचे दुकान असलेल्या एका कुटुंबात हा विषय निघाला तो धाकट्या मुलामुळे. त्याला मातीच्या मार्गावरील मोटार-शर्यतींचा छंद. घरातील जुनी हॅचबॅक रविवारी शर्यतीला जाई आणि उरलेले सहा दिवस आईला घेऊन नातलगांकडे, दवाखान्यात, बाजारात फिरे. वळणावर गाडीचे नाक बाहेर ओढते, ही मुलाची तक्रार होती. बॅटरी डिकीत नेण्याचा त्याचा बेत ऐकून अण्णांनी नाही म्हटले नाही. ते एवढेच म्हणाले, “आधी काट्यावर घाल. वजन न करता व्यवहार करायला आपण का शर्यतवाले आहोत?”

गाडी भुईकाट्यावर गेली. आधी पुढची दोन चाके काट्यावर, मग मागची दोन. पुढे ५२० किलो, मागे ३२० किलो; म्हणजे शंभरातले बासष्ट पुढे आणि अडतीस मागे. बॅटरी १२ किलोची. ती पुढच्या चाकांच्या रेषेवरून उचलून मागच्या चाकांच्याही पलीकडे ठेवायची, म्हणजे तराजूच्या नियमाने पुढचा भार बारापेक्षा थोडा अधिक, सुमारे १४ किलोंनी उतरणार होता.

मग खर्चाची बाजू मांडली गेली. डिकीपासून स्टार्टरपर्यंत सुमारे पाच मीटर केबल लागणार होती. मिस्त्रीने हाताशी असलेली १६ चौरस मिलिमीटरची केबल सुचवली. मुलाने हिशेब केला. तांब्याच्या त्या केबलमधून दोनशे अँपियर जाताना बारापैकी एक व्होल्टहून थोडे अधिक वाटेतच खर्ची पडते; ५० चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये तोच तोटा एक तृतीयांश होतो. अण्णांना विजेचे शास्त्र ठाऊक नव्हते, पण वाहतुकीतील तूट त्यांना चांगली ठाऊक होती. “जाडच घे,” ते म्हणाले, “दर हेलपाट्याला घट सोसण्यापेक्षा एकदाच भाडे जास्त दिलेले परवडते.” मात्र जाड केबलचे वजन अडीच किलो, आणि पेटी व पट्ट्या यांचे तेवढेच. गाडी एकंदरीने पाच किलोंनी जड होणार होती. बासष्टाचे साठ व्हावेत एवढाच लाभ. तो खरा होता, पण थोडा होता.

या आकडेमोडीत आई कोठेच नव्हती. ती मागच्या आसनावर बसते, एवढाच तिचा या गाडीशी संबंध. मिस्त्री गालिचा उचलून केबलची वाट दाखवत होता, तेव्हा तिने विचारले, “म्हणजे हे माझ्या पायाखालून जाणार?”

“बारा व्होल्टच आहे, काकू,” मिस्त्री हसून म्हणाला. “हात लावला तरी झटका बसत नाही.”

हे विधान खरे होते आणि अपुरे होते. बारा व्होल्टचा झटका माणसाला बसत नाही. पण केबलचे आवरण पत्र्याच्या धारेवर घासून फाटले आणि आतील तांबे गाडीच्या सांगाड्याला टेकले, तर बॅटरी आपली सगळी ताकद त्या एका जागी ओतते. तो प्रवाह हजार अँपियरच्या घरात जाऊ शकतो. काही सेकंदांत केबल लाल होते आणि भोवतालचा गालिचा, फोम, आवरण पेट घेते. बीटल गाडीत बॅटरी मागच्या आसनाखाली असे. तिच्यावरील झाकण हरवले तर आसनाच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टोकांना टेकून आग लागण्याची भीती असे, हे ती गाडी वापरणारे जाणून होते.

गाडीत फ्यूज असतातच की, असे कोणालाही वाटेल. परंतु ते दिवे, भोंगा, पंखा यांच्या वाटेवर असतात. बॅटरीपासून स्टार्टरपर्यंतच्या मुख्य केबलवर पुष्कळ गाड्यांत फ्यूज नसतो, कारण ती हातभर लांबीची असते आणि माणसांच्या बैठकीत शिरत नाही. तीच केबल पाच मीटरची होऊन माणसांच्या पायाखालून जाऊ लागली की जुनी सूट तिला लागू राहत नाही. तिला फ्यूज हवा, आणि तो बॅटरीपासून एका हाताच्या आत हवा. स्टार्टरजवळ बसवलेला फ्यूज मधल्या पाच मीटरचे रक्षण करीत नाही. केबल वाटेत कोठे फाटली तर प्रवाह त्या फ्यूजपर्यंत पोचण्याआधीच आग लावून मोकळा होतो.

मुलाने हे समजावले तेव्हा अण्णांनी ते आपल्या भाषेत घेतले. “गोदामाच्या दारात पावती फाडायची, माल गावाला पोचल्यावर नव्हे. असेच ना?” असेच होते.

आईच्या एका प्रश्नातून पुढचे प्रश्न निघाले. चार्ज होताना साध्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. बॉनेटखाली तो वाऱ्यावर निघून जातो. सेडान गाडीची डिकी निदान बैठकीपासून वेगळी असते. हॅचबॅकची डिकी म्हणजे बैठकीचाच मागचा कोपरा. म्हणून बंद पेटी हवी, आणि वायू बाहेर नेणारी नळी गाडीच्या तळातून खाली सोडलेली हवी. तिसरी गोष्ट बांधणीची. समोरासमोरच्या धडकेत गाडी इतक्या झपाट्याने थांबते की आतील वस्तूचा जोर तिच्या वजनाच्या वीसपट होऊ शकतो. १२ किलोची बॅटरी तेव्हा २४० किलोंच्या जोराने पुढे झेपावेल. आणि तिच्या पुढे आईचे आसन. रबरी पट्ट्याने तिला आवळणे म्हणजे अडीच क्विंटल माल सुतळीने बांधण्यासारखे. बीएमडब्ल्यूने तर आपल्या गाड्यांत बॅटरीच्या टोकाशी अशी योजना केली की धडक होताच एक छोटी स्फोटक कळ मुख्य केबल तोडून टाकते. ज्यांनी बॅटरी मागे नेली, त्यांनी धोकाही मागे गेल्याचे ओळखले होते.

काम दोन रविवार पुढे ढकलले गेले. मिस्त्री थोडा नाराज झाला, पण त्याने ते मन लावून केले. लोखंडी पट्ट्यांची बैठक तळाच्या पत्र्याला बोल्टने बसली. बॅटरीशेजारी २५० अँपियरचा फ्यूज आला. स्टार्टरचा ओढा सोसणारा आणि केबल तापण्याआधी वितळणारा. पत्र्याच्या प्रत्येक छिद्रात रबरी कडे बसले आणि केबलवर दुसरे आवरण चढले. अर्थिंगच्या जागी रंग खरवडून पत्रा उघडा केला गेला, कारण रंगावर आवळलेला बोल्ट वीज नेत नाही. मूळ रचनेतील हा बदल विमा कंपनीस लेखी कळवण्यात आला. दाव्याच्या दिवशी सापडलेली गोष्ट आधी सांगितलेल्या गोष्टीपेक्षा महाग पडते, हे व्यापाऱ्याच्या घरात वेगळे शिकवावे लागत नाही.

गाडी पुन्हा काट्यावर गेली तेव्हा पुढे ५१० आणि मागे ३३५ किलो भरले. मुलगा समाधानी होता. अण्णांनी दोन्ही चिठ्ठ्या गाडीच्या कागदपत्रांत ठेवल्या. खर्चाच्या मानाने लाभ थोडा, हे त्यांचे मत बदलले नाही. पण छंदाचा खर्च छंदाच्या खात्यावर टाकावा, त्याला नफ्याच्या खात्यात ओढू नये, असे ते म्हणाले. आईच्या पायाखालून जाणाऱ्या केबलचा खर्च मात्र कोणत्याही खात्यात काटकसरीला पात्र नव्हता, आणि त्याविषयी घरात दुमत झाले नाही.

एक गोष्ट आईने शेवटी सुचवली. गाडी उद्या रस्त्यात बंद पडली किंवा अपघात झाला, तर मदतीला येणारा अनोळखी माणूस आधी बॉनेट उघडील आणि बॅटरी शोधीत राहील. म्हणून बॉनेटच्या आतील बाजूस ठळक अक्षरांत एक पट्टी चिकटवली गेली: ‘बॅटरी डिकीत आहे. फ्यूज तिच्या उजव्या हाताला.’ कधीकाळी ही गाडी विकली गेली, तरी ती पट्टी गाडीबरोबरच जाईल.