परवलीचे शब्द

कोश हे चोराचेही हत्यार असू शकते, ही गोष्ट साहित्याच्या वर्गात कुणी शिकवत नाही. रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी १९७९ साली युनिक्सवरील परवलीच्या ३,२८९ शब्दांची झडती प्रसिद्ध केली. पुष्कळसे शब्द इतके तोकडे होते, की त्यांच्यासाठी कोश उघडण्याची गरजच नव्हती. आणखी ४९२ शब्द कोशांत आणि नावांच्या याद्यांत सापडले. एकूण ८६ टक्के हाती लागले. पुढे १९८८ साली मॉरिस यांच्याच मुलाने सोडलेला संगणकीय किडा ४३२ शब्दांची यादी सोबत घेऊन फिरला. (कथेत असे घडले असते, तर आम्ही तिला बेतीव म्हटले असते.)

आमच्या लहानशा ग्रंथसंग्रहाचा डेटाबेस तपासायचे ठरले, तेव्हा सर्वांच्या संमतीने आम्ही हेच हत्यार हाती घेतले. डेटाबेसात मूळ शब्द नसतो, त्याचा हॅश असतो. पिठावरून दाणा परत मिळत नाही; म्हणून यादीतला एकेक शब्द त्या खात्याचे 'सॉल्ट' मिसळून दळायचा आणि पीठ जुळते का, ते पाहायचे.

२००९ साली रॉकयू कंपनीकडून फुटलेल्या शब्दांची यादी सुमारे १ कोटी ४३ लाखांची आहे. तरी आमची बरीच मंडळी तिच्यातून सुटली. ही सुटका आम्हांला खरी वाटेना. मराठी माणूस परवलीला काय निवडतो, हे आम्ही जाणून होतो: कुलदैवत, गाव, मुलीचे नाव. मग रोमन लिपीतल्या मराठी शब्दांची यादी आम्हीच रचली. त्यात 'ज्ञ'ने फार छळले. कुणी तो 'डीएनवाय' लिहितो, कुणी 'जीवाय'. जुळलेला शब्द पडद्यावर उमटू नये, फक्त खाते कळावे, एवढी तजवीज आधीच केली होती. दुसऱ्याची परवल वाचणे म्हणजे त्याचे पत्र फोडणेच.

निम्मी खाती उघडी पडली. त्यांत आमच्या एका वृद्ध सरांचेही होते. ते म्हणाले, "बदलतो. पण हिचं नाव मी आता तेवढ्याच ठिकाणी लिहितो."

आम्ही म्हटले, "सर, नाव राहू द्या. त्यापुढे एकमेकांशी काही नाते नसलेले चार शब्द जोडा. मात्र स्वतः निवडू नका, चिठ्ठ्या टाका."

सरांनी मोल्सवर्थचा कोश काढला. पानांचे आकडे आम्ही चिठ्ठ्यांवर लिहू लागलो.