आबाचा इंटरनॅशनल

आबाचा म्हणतो, पण ट्रॅक्टर आबाचा नव्हता. कधीच नव्हता. कागदावर नाव मालकाचं. शेत मालकाचं, डिझेल मालकाचं. भर रस्त्यात बंद पडला की शिव्या तेवढ्या आबाच्या.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर सायडर आहे. तुटलेला धागा जोडायचा आणि पुढं सरकायचं, पाळीभर. आमचा फिटर म्हणतो, मशीन कळायला तू गिरणीत शिकलास. खोटं आहे. मी शिकलो मालकाच्या गोठ्यामागं, आबाच्या शेजारी उताणा पडून, तोंडावर ग्रीसचे ठिपके झेलत.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, चळवळीच्या अंकात ट्रॅक्टरचं काय काम? वाचा, मग बोला.

आधी ओळख. जुना ट्रॅक्टर रंगावरनं ओळखू नये. रंग कुणीही मारतो, बॉनेट दुसऱ्याचं बसतं, नावाची पट्टी बाजारात मिळते. आबा पाठमोरा बसून आवाजावर सांगायचा. एचएमटी २५११ ला दोन सिलिंडर, तो धडधडतो. मॅसी १०३५ ला तीन. "आन आपल्याला चार. सरळ चालतोय गडी." मग दांडे बघायचे. बी-२७५ ला एक गिअरचा दांडा आणि एक हाय-लोचा. दोन्ही मिळून पुढचे आठ गिअर, मागचे दोन. वर डिफरन्शियल लॉक. एक चाक चिखलात नुसतं गरगरायला लागलं की तो दाबायचा, दोन्ही चाकं एकत्र ओढतात. शेवटी इंजिनवर ठोकलेला नंबर. वायर ब्रशनं घासायचा, वर खडू फिरवायचा, आकडे उमटतात. आबाला अक्षर येत नव्हतं. आकडे मी वाचायचो.

हा बी-२७५ मूळचा इंग्लंडातल्या डॉनकॅस्टरचा, १९५८ चा. कंपनी अमेरिकेची, इंटरनॅशनल हार्वेस्टर. १९६३ साली तिनं महिंद्रांशी भागीदारी केली आणि १९६५ पासून आपल्या मुंबईत, कांदिवलीला हा ट्रॅक्टर निघायला लागला. ३५ हॉर्सपॉवर. गावात त्याला महिंद्रा कुणी म्हणत नसे, इंटरनॅशनलच म्हणत. १९८५ साली त्या अमेरिकन कंपनीचा शेतीचा धंदा विकला गेला. आमच्या गावात तिचा ट्रॅक्टर नांगरतच होता.

आता दुसरी तारीख जोडून घ्या. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांनी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू केला. १९६५ उजाडलं तेव्हा आपली माणसं पडीक जमिनीसाठी तुरुंग भरत होती. त्याच वर्षी कांदिवलीच्या कारखान्यातनं ट्रॅक्टर बाहेर पडत होते. ज्याला जमीन होती त्याच्या दारात ट्रॅक्टर आला. आपल्या दारात आला तो त्याचा ड्रायव्हर.

आबा १९७४ ला सालगडी म्हणून लागला. ट्रॅक्टर तेव्हा जवळजवळ नवा. चालवायला मालकाचा पाहुणा. त्याला वर बसायला आवडायचं, खाली निजायला नको. तेलात, चिखलात पाठ टेकायला माणूस पाहिजे, म्हणून आबा. तालुक्याहून फिटर आला की बत्ती आबानं धरायची. बत्ती धरता धरता आबानं सगळं इंजिन डोळ्यांनी उचललं. पाहुणा एक दिवस नोकरीला गेला आणि सीटवर आबा बसला. चहाची बशी मात्र गोठ्याच्या वळचणीलाच राहिली.

मुंबईच्या गिरण्यांत एके काळी आपल्या माणसांना विणकाम खात्यात घेत नसत. शटलमधनं सूत तोंडानं ओढावं लागायचं, थुंकीचा विटाळ होईल म्हणून. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढं आणला. तिथं मशीनला हात लावायची बंदी, इथं मशीनखाली निजायची सक्ती. जात दोन्हीकडं तीच.

खंडेनवमीला मालक ट्रॅक्टरला हार घालायचा, नारळ फोडायचा. आबा लांब उभा. आबाची पूजा वेगळी होती, आणि ती रोज होती. चालू करायच्या आधी ऑइलची काडी बघायची, रेडिएटरचं पाणी बघायचं, एअर क्लीनरची वाटी उघडायची. या वाटीत तेल असतं. हवा त्यातनं जाते, धूळ तेलात बसते. चैत्रात कोरडं रान नांगरलं की संध्याकाळपर्यंत वाटीत चिखल. ती डिझेलनं धुवायची आणि खुणेपर्यंतच नवं तेल घालायचं. खुणेच्या वर गेलं तर इंजिन ते तेल पिऊन टाकतं.

थंडीत हीटर तापू द्यायचा, वीस मोजायचे, मग सेल्फ. टाकी कोरडी पडून हवा धरली तर फिल्टरचा स्क्रू ढिला करून पंपाची कांडी हातानं मारायची. आधी बुडबुडे येतात, मग नितळ डिझेल. नितळ आलं की आवळायचं. धूर वाचायचा. काळा म्हणजे बोजा जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल कच्चं जातंय, नाहीतर आत पाणी गेलंय. काडीवरचं ऑइल दुधासारखं दिसलं तर तिथंच बंद करायचं. "एक हात चालवू नगंस," आबा म्हणायचा, "बेरिंग जातील." आणि पावसाळ्यात उभा केला की सायलेन्सरवर पत्र्याचा डबा पालथा.

आपल्यातले काही म्हणतात, यंत्रानं आपलं काम खाल्लं. खाल्लंच. नांगरणीचे हात रिकामे झाले, मी गिरणीत आलो तो त्यामुळंच. पण बाबासाहेब यंत्राच्या विरोधात नव्हते. गांधीवादावर लिहिताना १९४५ साली त्यांनी स्पष्ट सांगितलं की दोष यंत्राचा नाही, समाजाच्या रचनेचा आहे. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय माणूस जनावराच्या वर येत नाही. आबाला फुरसत मिळाली नाही. ती मालकाकडं गेली.

दोन वर्षांमागं मालकाच्या पोरानं नवा ट्रॅक्टर घेतला. जुना बाभळीखाली उभा. मग शहरातनं एक शौकीन आला. आजकाल जुने ट्रॅक्टर जमवून रंगवून ठेवणारे निघालेत. ट्रॅक्टर चालू होईना म्हणून आबाला बोलावणं आलं. मी सुट्टीवर होतो, बरोबर गेलो.

एअर क्लीनरच्या नळीत उंदरांचं घर. टाकीत कुजलेलं डिझेल. आबानं आधी क्रँकच्या पुलीला पाना लावून हळूच फिरवून बघितलं, इंजिन जाम नव्हतं. टाकी धुतली, फिल्टर बदलला, बॅटरी दुसरी लावली. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पांढरा धूर ओकला आणि चारी सिलिंडर लागले. आबा हसला.

पाहुण्यानं विचारलं, एवढा जपला कुणी?

मालकाचा पोरगा म्हणाला, "आमच्या वडिलांनी. पोटच्या पोरासारखा."

आबा हात पुसत होता. मी हत्याराच्या पेटीचं झाकण उघडलं. आतल्या बाजूला खिळ्यानं ओढलेल्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, अशा जुड्या. दर ऑइल बदलीला एक रेघ. इंजिन उघडलं तिथं फुली. मी म्हणालो, "ज्यानं हे ओढलं त्याला विचारा."

मालकाच्या पोरानं माझ्याकडं डोळे वटारले. आबानंही. त्याला अजून त्याच गावात राहायचं होतं. पण पाहुणा झाकणाजवळ बसला, बोट फिरवत राहिला, मग म्हणाला, "बाबा, तुम्ही सांगा." आबा तासभर बोलला. मालकाच्या अंगणात आबा तासभर बोलतोय आणि बाकीचे ऐकतायत, हे मी पहिल्यांदा बघितलं.

पैसे मालकाला मिळाले. आबाला पाचशेची नोट. ट्रॅक्टर टेम्पोत चढताना आबा एवढंच म्हणाला, "रंगवा खुशाल, सायेब. पर त्ये झाकान आतनं रंगवू नगा."

मी रेघा मोजून घेतल्यात. एकशे अडतीस आणि तीन फुल्या. आरसी बुकात आबाचं नाव नाही. म्हणून इथं लिहिलं.

तुमच्या वस्तीतही कुणी ड्रायव्हर असेल, कुणी पंपावरचा, कुणी चरकावरचा, कुणी बॉयलरवरचा. सभेला त्याला सतरंज्या घालायला बोलावता. एकदा वही घेऊन त्याच्या शेजारी बसा. त्याच्या रेघा कुठं आहेत ते विचारा. झाकणाला रंग लागायच्या आत.