केव्हाही!

मुलाखतीला निघालेल्या माणसाला सल्ल्यांची वाण कधी पडत नाही. मला तो अण्णामामांनी दिला. "वेळेचं विचारलं की एकच शब्द. केव्हाही! बाकीचं आपोआप होतं." मामांनी स्वतः सारा जन्म साडेदहा ते साडेपाचच्या सरकारी कचेरीत काढला होता. हा शब्द वापरायची पाळी त्यांच्यावर कधी आली असेल, असं वाटत नाही. पण मामांचं वय मोठं होतं आणि माझी गरज त्याहून मोठी.

गोष्ट १९७९ सालची. मुंबईच्या एका दैनिकात मुद्रितशोधकाची जागा निघाली होती. आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहत होतो. नाना दम्याने बेजार. दिवसभर साऱ्या चाळीला अक्कल शिकवायचे आणि रात्री दोन वाजले की भिंतीला टेकून श्वास शोधत बसायचे. अशा वेळी डॉक्टरांचं दार ठोठवायला घरात एक धडधाकट माणूस हवाच. आईला अंधारात दिसत नसे. दादा अंबरनाथच्या कारखान्यात. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची. म्हणून आई भिंतीवरच्या 'कालनिर्णय'वर संकष्टी आणि दुधाचा हिशेब यांच्या मधल्या जागेत त्याच्या पाळ्या लिहून ठेवी : प, दु, रा. 'रा'च्या आठवड्यात मी रात्री उंबरठा ओलांडायचा नाही, हा आमच्या घरचा कायदा. मुलाखतीला जाताना मी त्या महिन्याच्या पाळ्या एका चिठोऱ्यावर उतरवून घेतल्या. कशाला, ते मलाही ठाऊक नव्हतं. मामांना तर दाखवल्याच नाहीत.

समोर जाड चष्म्याचे एक गृहस्थ बसले होते. शुद्धलेखनात मी निभावलो. मग ते म्हणाले, "वेळेचं कसं काय?"

"केव्हाही, साहेब!"

"डाक आवृत्ती लवकर सुटते, तिला गाडी गाठायची असते. पण शहर आवृत्तीची प्रुफं मध्यरात्र उलटली तरी येतात. रात्रपाळी चालेल?"

"चालेल."

"रविवारी?"

"चालेल."

"गणपतीत?"

"चालेल."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला घरदार आहे ना?"

मामांनी या प्रश्नाचं उत्तर पढवलं नव्हतं. घशात काहीतरी अडकलं आणि हात आपोआप खिशात गेला. चिठोरं टेबलावर ठेवलं आणि नाना, दादा, दोन वाजता ठोठवायचं दार, सगळं एका दमात सांगून टाकलं. नोकरी गेलीच होती. आता निदान खरं बोलायला हरकत नव्हती.

त्यांनी चिठोरं दिव्याखाली धरलं. "हा 'रा' म्हणजे रात्र की रामनवमी?"

"रात्र."

"मुद्रितशोधकाने असे संदिग्ध संक्षेप करू नयेत," ते म्हणाले आणि लाल पेन्सिलीने सगळे 'रा' पुरे करून दिले.

श्रमिक पत्रकारांच्या १९५५ च्या कायद्यात चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही असं होतं, आणि मुद्रितशोधकही त्यातच मोडत, हे मला मागाहून कळलं. म्हणजे 'केव्हाही' देऊ केलं तरी ते घ्यायची त्यांनाच मुभा नव्हती. पण मुलाखतीला जाताना माणूस ऱ्हस्वदीर्घ घोकतो, कायदा कोण वाचतो?

आठ दिवसांनी पत्र आलं. माझी रात्रपाळी दादाच्या 'रा'ला चुकवून लावली होती. आईने देवापुढे साखर ठेवली. नाना मात्र बिथरले. "नोकरीसाठी माझा दमा सांगितलास? चारचौघांत?" दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. अण्णामामाही बोलले नाहीत, पण त्यांचं कारण वेगळं.

तिसऱ्या दिवशी रात्री मी अंथरूण घालत होतो. भिंतीकडून नानांचा आवाज आला,

"काय रे, उद्या तुझा प की दु?"