तीन तास हातात होते

सुट्टीत भोपाळला घरी गेलं की पहिल्या रात्रीच मी मोबाईलवर दोन अलार्म लावते. एक 4 वाजून 10 मिनिटांचा, दुसरा 4 वाजून 15 चा. पावणेपाचला साकेत नगरमधल्या आमच्या घराचं फाटक आवाज न करता उघडायचं (ते करतंच), सायकल बाहेर काढायची आणि एम्सच्या रस्त्याला लागायचं. त्या वेळी रस्त्यावर मोजकीच माणसं असतात. दूधवाले, पेपरवाले, एम्सच्या गेटसमोर पेशंटच्या नातेवाइकांसाठी चहा उकळणारा टपरीवाला आणि आम्ही. मे महिन्यात साडेपाचनंतर सूर्य उगवतो. आठपर्यंत घरी परत. त्यानंतरही सायकलवर दिसणाऱ्याला आमच्याकडे कुणी शूर म्हणत नाही, घरचे लोक कुठे गेलेत म्हणून विचारतात.

तुम्हाला वाटेल, 42-43 डिग्रीत सायकल चालवायची तरी कशाला? पण भोपाळमध्ये उन्हाळा हाच नव्या सायकलस्वारांचा सीझन आहे. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, कुणाला दहावीची भेट म्हणून गिअरवाली सायकल मिळालेली असते आणि 3 जूनला जागतिक सायकल दिन येतो. (संयुक्त राष्ट्रांनी तो 2018 मध्ये जाहीर केला.) त्या सकाळी तलावाच्या काठाने रॅली, टी-शर्ट, केळी, फोटो हे ठरलेलं. बाकीचे रविवार आमचे असतात. भोजपूरच्या शिवमंदिरापर्यंत जाऊन परत, साधारण 60 किलोमीटर. केरवा डॅम, चढ हवा असेल तर. आणि ज्यांना मोठं काही करायचं असेल त्यांच्यासाठी विदिशा रस्ता. या रस्त्यावर दीवानगंजजवळ कर्कवृत्त ओलांडावं लागतं. तिथे खूण केलेली आहे, लोक गाड्या थांबवून एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात. भोपाळ त्या रेषेच्या किंचित दक्षिणेला. म्हणजे जूनच्या मध्यावर एका दुपारी सूर्य खरोखर आमच्या डोक्यावर असतो, अगदी शब्दशः.

मला त्याच रेषेजवळ घडलेली गोष्ट सांगायची आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं 'ब्रेव्हे'बद्दल. हा लांब पल्ल्याच्या सायकलिंगचा फ्रेंच प्रकार. 200, 300, 400 आणि 600 किलोमीटर अशी अंतरं ठरलेली असतात. दोनशेला साडेतेरा तास मिळतात, तीनशेला वीस, चारशेला सत्तावीस, सहाशेला चाळीस. एका सीझनमध्ये चारही केली की तुम्ही 'सुपर रँदोनर'. पहिला-दुसरा नंबर नसतो. वाटेत ठरलेल्या ठिकाणी कार्डावर नोंद करायची आणि वेळेत परत यायचं. पंक्चर स्वतः काढायचं, जेवण स्वतः शोधायचं. यातली सगळ्यात मोठी राईड म्हणजे पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. सुमारे 1200 किलोमीटर, नव्वद तास, दर चार वर्षांनी एकदा. नंबर नाहीत, फक्त वेळेत पोचणं आहे, हे मला फार आवडलं होतं. आयुष्यभर मार्कशीट पाहिलेल्या मुलीला ते आवडणारच.

शिवाय डोक्यात आपली माणसं होती. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, ज्यांनी 2015 मध्ये दोघांच्या टीमने 'रेस अक्रॉस अमेरिका' पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ, ज्यांनी 2017 मध्ये तीच रेस एकट्याने केली. आणि पुण्याची वेदांगी कुलकर्णी, जिने 2018 मध्ये सुमारे 29,000 किलोमीटर सायकल चालवून जग पालथं घातलं. तेव्हा ती वीस वर्षांची होती. मी एकवीसची. आपण निदान गंजबासोद्याला तरी जाऊन यावं!

तर गेल्या एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपवून घरी आल्यावर, मी दोनशेच्या ब्रेव्हेला नाव दिलं. शनिवारी पहाटे 5 ला सुरुवात, संध्याकाळी साडेसहाला शेवट. सांची, विदिशा, गंजबासोदा आणि त्याच रस्त्याने परत. सायकल आजोबांनी घेऊन दिलेली होती, त्यांची एक एफडी मोडून. मम्मीला ते अजून पटलेलं नाही.

जाताना सगळं छान होतं. सांचीच्या टेकडीवर ऊन नुकतं चढत होतं. गहू कापून झालेले, दोन्ही बाजूंना पिवळी रिकामी शेतं. 10 वाजून 40 मिनिटांनी मी बासोद्याच्या चेकपॉइंटवर होते. 100 किलोमीटर झाले होते आणि जवळजवळ आठ तास शिल्लक होते. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी अंगठा वर केलेला फोटो टाकला.

परतताना समोरून लू सुरू झाली. ज्यांना लू माहीत नाही त्यांनी भट्टीचं दार उघडून त्यात तोंड घालून बघावं. बाटलीतलं पाणी चहासारखं गरम. विदिशात मी नारळपाणी घेतलं, सांचीत ओआरएस. सांचीनंतर पाणी पोटात टिकेना. उलटी झाली. मी म्हटलं, होतं असं. मग लक्षात आलं की घाम येणं थांबलंय. दंडावर काटा आला होता, आणि मला चक्क थंडी वाजत होती.

कर्कवृत्ताच्या खुणेपाशी मी उतरले आणि एका कडुनिंबाखाली बसले. घड्याळात 3 वाजून 30 मिनिटं झाली होती. वेळ संपायची 6 वाजून 30 मिनिटांनी. किती तास उरले हे मला काढता येईना. साडेसहातून साडेतीन. तीन-चारदा प्रयत्न केला. दर वेळी मधेच आकडा निसटायचा. पाय दुखले तेव्हा मी घाबरले नव्हते. त्या वजाबाकीला घाबरले.

मी आयोजकांना फोन करून 'सोडतेय' म्हणून सांगितलं, मग पप्पांना. कुणी तरी ट्रकवाल्याने माझ्या डोक्यावर कॅन रिकामा केला. पप्पा गाडी घेऊन आले. सलाईन लागलं. रात्री निकालात माझ्या नावापुढे 'डीएनएफ' होतं. डिड नॉट फिनिश.

दुसऱ्या दिवशी रविवार. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात सगळे विचारत होते, "झाली का राईड?" कारण आजोबांनी आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. ग्रुपमधल्या एका दादाचा मेसेज आलेला, चांगल्या मनानेच लिहिलेला. 'अगं, फक्त तीसेक किलोमीटर राहिले होते. तीन तास हातात होते. जरा पडून राहिली असतीस तर आरामात झालं असतं.' खरंच होतं ते. निदान कागदावर खरं होतं. मी तो मेसेज दिवसभर वाचत राहिले. नंबर नसलेल्या राईडमध्येही नापास होता येतं हे मला माहीत नव्हतं.

आजोबांना मी दोन दिवस टाळलं. एफडीचा विषय निघेल असं वाटलं. तो निघाला नाही. तिसऱ्या दिवशी ते बाल्कनीत कांदा चिरत बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, "काटा आला होता ना अंगावर?"

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

आजोबा राहुरीकडचे. 1968 मध्ये भोपाळला भेलच्या कारखान्यात लागले आणि 2004 मध्ये रिटायर झाले. तेव्हा शिफ्ट बदलायच्या वेळी गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा, असं ते नेहमी सांगतात. त्यांची ॲटलस होती. 2020 मध्ये, नेमक्या 3 जूनलाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, तेव्हा त्यांनी ती बातमी आम्हाला दोनदा वाचून दाखवली होती. घरं बदलत गेली, पण कामावर जाऊन-येऊन रोजचे साधारण 11 किलोमीटर ठरलेले. मी एकदा हिशोब केला होता. वर्षाला 280 दिवस धरले तरी 36 वर्षांत एक लाख दहा हजार किलोमीटर होतात. पृथ्वीला पावणेतीन फेऱ्या. त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाले, "असतील."

त्या दिवशी कांदा चिरता चिरता त्यांनी एका फिटरची गोष्ट सांगितली. त्यांच्याच वयाचा, धिप्पाड. मे महिन्यात दुपारी पाळी सुटली. घरी बहिणीचं लग्न, म्हणून घाईत होता. बाकीचे नेहमीच्या झाडाखाली थांबले. हा म्हणाला, "पाच मिनिटांचा तर रस्ता आहे." आजोबांनी त्याच्या दंडावर काटा पाहिला होता, पण त्याचा अर्थ तेव्हा त्यांना कळला नाही. तो घराच्या अलीकडे पडला. उठला नाही.

"त्यानंतर मी मे महिन्यात रोज थांबायचो," आजोबा म्हणाले. "बरं वाटत असलं तरी. पंचा ओला करायचा, डोक्यावर घ्यायचा, वीस मिनिटं बसायचं. तुझी आजी म्हणायची, रोज उशीर कसा होतो."

मग कांद्याचं ताट माझ्याकडे सरकवून म्हणाले, "तुला आकडा येईना तेव्हा तू फोन केलास ना? मग झालं तर."

मी आजोबांना आकड्याचंही सांगितलं नव्हतं. पप्पांनी सांगितलं असणार.

पुढे वाचलं तेव्हा कळलं की आजोबा बरोबर होते. अंगाचं पाणी-मीठ संपत आलं की घाम कमी होऊ शकतो, कातडीवर काटा येतो, मळमळतं, आणि शरीराचं तापमान चढत गेलं की मेंदू गोंधळतो. त्या अवस्थेत जरा पडून राहून पुढे निघायचं नसतं. राईड तिथेच संपलेली असते. अमेरिकेच्या वाळवंटातून जूनमध्ये जाणाऱ्यांच्या मागे क्रूची गाडी असते, बर्फ असतो, ओढून थांबवणारं माणूस असतं. विदिशा रस्त्यावर आपलं आपणच असतो. आणि नेमकं तेव्हा आपलं डोकं आपल्या बाजूने नसतं. म्हणून थांबायचं कधी हे घरून निघतानाच ठरवायला हवं.

यंदाच्या मे महिन्यात मी परत रविवारच्या राईडला जाऊ लागले. मी सगळ्यात मागे चालवते, ते काम मी मागून घेतलंय. शेवटच्या माणसाच्या मागे राहायचं, त्याला एकटं सोडायचं नाही. नियम साधे आहेत. दोन मोठ्या बाटल्या, एकीत मीठ-साखर-लिंबू. दर पंधरा मिनिटांनी घोट, तहान लागो न लागो. पाठीवर ओला पंचा. आणि साडेसहा वाजता जिथे असाल तिथून वळायचं.

गेल्या रविवारी अकरावीतला एक मुलगा होता, नवी सायकल, भोजपूरला पहिल्यांदाच निघालेला. रस्त्यात दोनदा पंक्चर झालं. मंदिर तीन किलोमीटरवर असताना साडेसहा वाजले. त्याला घामही व्यवस्थित येत होता, काही त्रास नव्हता. "दीदी, तीन ही तो किलोमीटर है!" तो म्हणाला.

मी म्हटलं, वळ.

परतीच्या वाटेवर तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. आम्ही आठ वाजायच्या आत घरी होतो.