बोटीवरचा चौविहार

बीड ते अहिल्यानगर ही रेल्वेगाडी १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी सुरू झाली. तिच्यासाठी या जिल्ह्याने कित्येक दशके वाट पाहिली होती. त्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, मुंबईच्या गोदीत आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. परंतु बीड, माजलगाव, गेवराई, आष्टी येथील व्यापारी घरांत त्या सुमारास सुटीच्या गप्पांमध्ये बोटीचा विषय निघू लागला असेल, तर त्यात नवल नाही. ज्या गावाला कालपर्यंत आगगाडीची शिटी ऐकू येत नव्हती, तेथील माणसे समुद्रावर चार रात्री राहण्याचा बेत करतात, यात मौज आहे. माजलगावच्या धरणाची भिंत हीच ज्यांची किनाऱ्याची कल्पना, त्यांनी जहाजाच्या मजल्यांचा नकाशा पेढीच्या गादीवर पसरावा आणि त्यावर घरातील सर्वांनी वाकून पाहावे, हे दृश्य आता दुर्मीळ राहिलेले नाही.

नकाशा पसरताच पहिला प्रश्न येतो खोलीचा. जहाजावरील खोलीला केबिन म्हणतात आणि तिचे ढोबळमानाने चार प्रकार असतात: खिडकी नसलेली आतली खोली, समुद्राकडे बंद काच असलेली खोली, स्वतःचा सज्जा असलेली खोली आणि त्याहून ऐसपैस स्वीट. मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरपासून कॉर्डेलिया क्रूझेसचे ‘एम्प्रेस’ हे जहाज गोवा, लक्षद्वीप, कोची या मार्गांवर फिरू लागले. ते १९९० साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने बांधले गेले. त्याला अकरा मजले आणि सुमारे आठशे खोल्या आहेत. त्या काळच्या जहाजबांधणीत सज्जे थोडेच असत. सज्जांच्या रांगाच रांगा ही नंतरच्या अवाढव्य जहाजांची रीत. म्हणून जाहिरातीतील सज्जा पाहून मन हरखले, तरी आपण जाणार त्या जहाजावर असे सज्जे किती आहेत, हे आधी विचारावे.

एकत्र कुटुंबात हा प्रश्न केवळ सोयीचा नसतो. सहलीचा खर्च बहुधा पेढीच्या सामाईक खात्यातून होतो. मोठ्या भावाला सज्जा आणि धाकट्याला आतली खोली मिळाली, तर बोट गोव्याला पोहोचण्याआधीच घरात नको ती लाट उठते. कोणी उघडपणे बोलत नाही, पण पुढील दिवाळीच्या वहीपूजनापर्यंत ते मनात राहते. यावर जाणती घरे एक सरळ तोड काढतात. सर्व भावांना एकाच दर्जाची खोली, मग ती आतली का असेना. फरक करायचा तो फक्त वयासाठी आणि व्रतासाठी. ज्या दादीजींचे गुडघे दुखतात त्यांची खोली लिफ्टजवळ, खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मध्यभागी घ्यावी, कारण जहाज पुढच्या व मागच्या टोकाला अधिक हेलकावते आणि मध्यभागी कमी. वरचा मजला अधिक मानाचा असा समज आहे खरा, पण समुद्र खवळला की वरच्या माणसालाच तो अधिक जाणवतो. नाचगाण्याच्या दालनाच्या खालची किंवा वरची खोली टाळावी, हेही नकाशावरूनच कळते. तसेच, ‘खोली कंपनी ठरवील’ अशा स्वस्त दराच्या तिकिटावर क्रमांक आधी मिळत नाही. एकट्या तरुणाला ते चालेल; दहा माणसांच्या घराला त्यातून दहा दिशांना विखुरल्याचा अनुभव येऊ शकतो.

आणखी एक हिशेब व्यापाऱ्याच्या डोळ्यांना लगेच दिसतो. केबिनचे भाडे दोन माणसे धरून आकारलेले असते. एकट्या विधवा दादीजींना स्वतंत्र खोली घेतली, तर बहुतेक ठिकाणी जवळपास दुप्पट मोजावे लागते. त्यांच्यासोबत नात राहिली, तर पैसा वाचतो आणि रात्री उठण्याबसण्याला हातही मिळतो. तिसरी-चौथी जागा बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली येणाऱ्या फळीवर असते. ती मुलांना फार आवडते; मोठ्यांनी तिचा मोह धरू नये.

परंतु जैन घराच्या दृष्टीने खिडकीचे महत्त्व वेगळ्याच कारणाने आहे. आतल्या खोलीत दिवा मालवला की पहाट आणि मध्यरात्र यांत काही भेद उरत नाही. ज्या माणसाचा दिवस नवकारशीने उघडतो आणि सूर्यास्ताच्या पच्चक्खाणाने मिटतो, त्याला ती खोली म्हणजे घड्याळ हरवल्यासारखी वाटते. म्हणून घरात चौविहार करणारे जे कोणी असतील, त्यांना काचेची का होईना, पण खिडकी द्यावी. इतरांनी समोरच्या आतल्या खोल्यांत झोपावे आणि सायंकाळी त्याच खिडकीपाशी जमावे. प्रतिक्रमणालाही तीच खोली बरी पडते.

येथे खोलीचा प्रश्न जेवणाच्या प्रश्नाला जाऊन मिळतो. बहुतेक जहाजांवर मोठे भोजनगृह असते आणि तेथे रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती ठरलेल्या असतात: पहिली साधारण साडेपाच-सहाला, दुसरी आठच्या पुढे. त्याखेरीज दिवसभर चालणारे, आपल्या हाताने वाढून घेण्याचे उपाहारगृह असते. चौविहारवाल्यांना दुसऱ्या पंगतीचा विचारच नको. पहिली तरी जमेल काय, हे ऋतूवर अवलंबून आहे. मुंबईत डिसेंबरच्या मध्यास सूर्य सहा वाजून दोन-तीन मिनिटांनी मावळतो, दिवाळीच्या सुटीतही सहाच्या जेमतेम पुढे, आणि मेच्या मध्यास सात वाजून पाच-सहा मिनिटांनी. कापसाचा हंगाम दसऱ्यापासून सुरू होत असल्याने बीडकडील आडत दुकानांना दिवाळीत लांबची सुटी घेणे तसेही अवघडच. मुलांच्या परीक्षा संपल्यावर एप्रिल-मे हाच काळ हाती येतो, आणि योगायोगाने तोच चौविहाराला सोयीचा असतो. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावरून अशा सहली होत नाहीत, त्यामुळे चातुर्मासाचा प्रश्न समुद्रानेच सोडवून ठेवला आहे.

वेळेची आणखी एक सूक्ष्म बाब. बीड मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन रेखांशांवर आहे. म्हणून मुंबईत सूर्य बीडपेक्षा सुमारे बारा मिनिटे उशिरा मावळतो. घरून नेलेल्या पंचांगातील वेळ पाळली, तर व्रत मोडत नाही, उलट अधिकच पाळले जाते. सकाळी मात्र नेमके उलट होते. सूर्य तितकाच उशिरा उगवतो आणि बीडच्या वेळेने नवकारशी पारली, तर ती वेळेआधी पारली जाते. बऱ्याच जहाजांवर रोज सायंकाळी दुसऱ्या दिवसाचे कार्यक्रमपत्रक खोलीत येते व त्यात सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळा छापलेल्या असतात. नसल्या तर स्वागतकक्षात विचाराव्यात. सिंगापूरहून निघणाऱ्या सहलींत वर्षभर सूर्यास्त सातच्या आसपास असतो, म्हणून तेथे पहिली पंगत बारा महिने जमण्यासारखी आहे. उलट, जूनमध्ये नॉर्वेच्या उत्तर टोकाला जाणाऱ्या बोटीवर सूर्य मावळतच नाही. तेथे काय करावे, हे निघण्यापूर्वी महाराजसाहेबांनाच विचारलेले बरे.

सहाच्या पंगतीतही एक अडचण असते. भोजनगृहात पदार्थ एकामागून एक येतात: सूप, मग काही हलके, मग मुख्य जेवण, मग गोड. त्यात सहज दीड तास जातो आणि गोड येईपर्यंत खिडकीबाहेर अंधार झालेला असतो. जेथे टेबल आणि वाढणारा सेवक सर्व दिवस तेच असतात, तेथे पहिल्याच दिवशी त्याला बाजूला घेऊन सांगावे: या बाईंचे सर्व पदार्थ एकदम एका ताटात आणा, आणि पाणीही त्याच वेळी. बहुधा तो ऐकतो. असे सांगणारे भारतीय प्रवासी त्याला नवे नसतात. जैन भोजन मिळते, असे भारतीय प्रवाशांवर चालणारी जहाजे आवर्जून सांगतात. पण ‘जैन’ म्हणजे कांदा-लसूण वगळणे एवढाच अर्थ काही स्वयंपाकघरांत घेतला जातो. बटाटा, गाजर, आले, मुळा ही नावे तिकीट काढतानाच लिहून द्यावीत. आठम-चौदसला हिरवी भाजी नको, हेही लिहावे. खोलीत विजेची शेगडी, किटली किंवा इस्त्री नेण्यास आगीच्या भीतीने बंदी असते आणि घरी रांधलेले अन्नही बऱ्याच ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. कारखान्यात बंद केलेली खाकऱ्याची पाकिटे सहसा चालतात.

दुपारच्या जेवणाचा मात्र फारसा कोणी विचार करत नाही. ज्या दिवशी जहाज बंदराला न लागता समुद्रातच असते, त्या दिवशी अनेक जहाजांवर मोठे भोजनगृह दुपारीही उघडे असते, गर्दी कमी असते आणि पोशाखाचे बंधन सैल असते. ज्या घरात व्रताची माणसे अधिक, त्यांनी सर्वांचे एकत्र जेवण दुपारी करावे. रात्री तरुणांनी नटूनथटून खुशाल जावे.

नटण्याचाही एक नियम असतोच. सायंकाळच्या भोजनगृहात अर्धी चड्डी, बनियन, पोहण्याचे कपडे चालत नाहीत. लांबच्या प्रवासांत एखाददुसरी रात्र विशेष पोशाखाची असते. त्या रात्रीसाठी कोट-टाय विकत घेण्याची धावपळ अनेक घरांत होते, ती अनाठायी आहे. क्युनार्डसारखी पोशाखाबाबत काटेकोर मानली जाणारी जुनी ब्रिटिश कंपनीसुद्धा विशेष रात्रीच्या पोशाखांत राष्ट्रीय पोशाख मान्य करते. बंदगळ्याचा कोट, स्वच्छ धोतर-सदरा, साडी यांना कोणी अडवत नाही. घरातील खरा पेच वेगळा असतो. कमरेचा पट्टा आणि बूट चामड्याचे नकोत. शेजारच्या पैठणची पैठणी सुंदर, पण ती रेशमाची. आणि ज्यांनी रेशमाचा त्याग केला आहे, त्यांना ती नेसता येत नाही. कापसाच्या जिल्ह्यातून निघालेल्या बाईने उत्तम सुती साडी नेसून त्या झुंबराखाली बसावे, यात उणे काहीच नाही. फक्त शाल जवळ ठेवावी. तेथील वातानुकूलन फार गार असते.

समुद्रावर काय खावे आणि काय ल्यावे, ही चिंता आजची नाही. ४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या मोहनदास गांधी या तरुणाने मद्य, मांस व परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती, ती बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समक्ष. जहाजावर काटा-चमचा धरता येत नव्हता आणि कोणत्या पदार्थात मांस नाही, हे विचारण्याचा धीर होत नव्हता. म्हणून तो मेजावर गेलाच नाही. घरून नेलेली मिठाई व फळे यांवरच मुख्यतः भागवून खोलीतच जेवला. प्रवासभर काळा सूट वापरून, किनाऱ्यावर उतरताना मुद्दाम राखून ठेवलेला पांढरा फ्लॅनेलचा सूट चढवला. तर सप्टेंबरअखेरच्या त्या थंड बंदरात पांढरे कपडे घातलेला तो एकटाच. हा संकोच त्यांनी आत्मकथेत मोकळेपणाने लिहून ठेवला आहे.

पाचच वर्षांनी, १८९३ मध्ये, महुव्याचे वीरचंद राघवजी गांधी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेसाठी समुद्रापार गेले. निमंत्रण होते आचार्य विजयानंदसूरी अर्थात आत्मारामजी महाराजांना. परंतु साधू वाहनाने प्रवास करीत नाहीत, म्हणून श्रावकाला पाठवले गेले. शाकाहारासाठी त्यांनी सोबत स्वयंपाकी नेला होता, आणि परदेशातील त्यांच्या छायाचित्रांत डोक्यावर काठियावाडी पगडी आहे. तरीही समुद्र ओलांडल्याबद्दल त्यांना समाजातील काहींचा रोष सोसावा लागला. आज बीडच्या स्थानकात कोणी बोटीच्या सहलीबद्दल जाब विचारीत नाही. पण दादीजी जेव्हा नातवाला विचारतात, ‘तिथे माझं कसं होईल?’ तेव्हा प्रश्न तोच असतो, आणि ‘सगळं मिळतं हो तिथे’ हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. खोलीचा क्रमांक, पंगतीची वेळ आणि सूर्यास्त ही तीन माहिती एका कागदावर मांडून दाखवली, की त्या निघण्यास तयार होतात.

एक बारीकशी गोष्ट शेवटच्या रात्रीची. मोठ्या जहाजांवर उतरण्याच्या आदल्या रात्री सामानाच्या बॅगा खोलीबाहेर ठेवण्यास सांगतात. त्या थेट बंदरावरच परत मिळतात. आसन, मुहपत्ती, माळ, औषधे आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे त्याआधीच हातपिशवीत काढून ठेवावेत. नाहीतर पहाटे सामायिकाला बसायची वेळ होते आणि आसन खाली बॅगांच्या डोंगरात असते.