आरसी बुक पुरात गेलं, गाडी राहिली

इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) 1930च्या दशकात एक ड्युसेनबर्ग बनवून घेतली. दोन माणसांची, उघड्या टपाची, केशरी-काळी. चॅसी आणि इंजिन अमेरिकेचं, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची. सुपरचार्जर लावलेलं आठ सिलिंडरचं इंजिन, कंपनी 320 अश्वशक्ती सांगायची. 1937 मध्ये ती कंपनीच बंद पडली. गाडी मात्र पुढे अमेरिकेत गेली आणि जगभरच्या शौकिनांना आजही ठाऊक आहे. पहिला मालक कोण, बॉडी कोणाची, सगळं नोंदलेलं. अशा गाडीची निम्मी किंमत या कागदांची असते, असं माझं मत.

आता आमच्याकडे या. 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद ऐकत आम्ही मोठे झालो. विनोद राहू द्या, पण कुठेच न मिळणारा पार्ट लेथवर काढून देणारे हात याच गल्ल्यांत आहेत. बदलापूरच्या माझ्या ओळखीच्या एका काकांकडे उघड्या टपाची जुनी ब्युईक आहे, वडिलांनी सेकंडहँड घेतलेली. बंपरचं क्रोम अंबरनाथला करून आणलं, टपाचं कॅनव्हास कॅम्प तीनमध्ये शिवलं. पैसे जमतील तसं काम, त्यात अकरा वर्षं गेली. पेट्रोल महागलं तेव्हा लोक म्हणाले, डिझेल इंजिन बसवा. वडिलांनी ऐकलं नाही.

तेच आज कामाला आलं असतं. केंद्राने जुलै 2021 मध्ये नियम केला: 50 वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळेल. चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल केलेला नको. फी 20 हजार, मुदत 10 वर्षं. रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. नियम चांगलाच आहे.

पण आधी इथे रजिस्टर झालेल्या गाडीचं जुनं आरसी बुक अर्जासोबत लागतं. काकांचं बुक 26 जुलै 2005 च्या पुरात, लोखंडी कपाटासकट चिखलात गेलं. गाडी तेव्हा अंबरनाथच्या गॅरेजात उंचावर होती, म्हणून वाचली. डुप्लिकेट काढायला गेले तर खिडकीवरचा माणूस म्हणाला, एवढं जुनं रजिस्टर सापडत नाही. (माणूस सभ्य होता, चहा पण विचारला.)

बदलापुरात, उल्हासनगरात त्या दिवशी किती घरांची कागदपत्रं गेली, ते इथल्या कोणालाही विचारा. अशांसाठी चॅसी नंबरची तपासणी आणि जुन्या विमा-टॅक्स पावत्या हा पुरावा का चालू नये? नंबर लोखंडावर ठोकलेला आहे, तो काही वाहून गेला नाही. आमदार-खासदारांनी हे एकदा लेखी विचारावं.

आणि मित्रहो, 1970 च्या आसपास कल्याण-बदलापूर भागातल्या वरातीत उघडी ब्युईक होती, असा फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल, नंबरप्लेट दिसत असेल, तर मला मेसेज करा. काका चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत.